ज्वालामुखीतून काळाही खडक निघतो आणि पांढराही, असं कसं?

ज्वालामुखीचा खडक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर काळा, जड, कठीण बेसॉल्ट येतो. त्यात चूक काही नाही, पृथ्वीवरच्या लाव्हात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, सगळ्या महासागरांचा तळ त्याचाच बनलाय. पण ज्वालामुखीतूनच रायोलाइट नावाचा फिकट, कधी गुलाबीसर तर कधी जवळजवळ पांढरा खडकही निघतो, आणि पाण्यावर तरंगणारा तो भोकाभोकांचा प्युमिस बहुतेक वेळा याच फिकट घराण्यातला असतो. दोघांचं पृथक्करण केलं तर बेसॉल्टमध्ये सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) साधारण ५० टक्के आणि रायोलाइटमध्ये ७० च्या वर. बेसॉल्टमध्ये लोखंड, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर, रायोलाइटमध्ये ते नावापुरतं, त्याऐवजी सोडियम आणि पोटॅशियम. बेसॉल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सियसला बाहेर येतो आणि लांबवर वाहत जातो, रायोलाइटचा ७०० ते ९०० ला आणि तो इतका घट्ट की धड वाहतही नाही, ज्वालामुखीच्या तोंडाशीच अडकून बसतो, मग आत कोंडलेला वायू एक दिवस सगळं उडवून देतो. आणि हे दोन्ही कधी कधी एकाच ज्वालामुखीतून येतात!

मग साहजिकच वाटतं की खाली दोन वेगवेगळे साठे असतील, एक काळ्याचा आणि एक पांढऱ्याचा. रॉबर्ट बुन्सेनला अगदी हेच वाटलं होतं. हो, शाळेच्या लॅबमधल्या बर्नरवाला बुन्सेन, तोच. हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक होऊन गेल्यावर १८४६ मध्ये तो आइसलँडला गेला, तिथले खडक तपासले आणि १८५१ मध्ये त्याने मांडलं की जमिनीखाली मुळात दोन प्रकारचे शिलारस, म्हणजे वितळलेल्या खडकाचे रस, आहेत आणि मधले जे काही करडे, तपकिरी खडक दिसतात ते या दोघांच्या कमीजास्त मिश्रणातून झालेत. ऐकायला एकदम पटण्यासारखं. पण मग ते दोन साठे कुठून आले? याचं उत्तर काही नव्हतं, म्हणजे प्रश्न सुटला नव्हता, फक्त अजून थोडा खोल गेला होता.

त्याच्या आधीच एकाने वेगळं काहीतरी बघून ठेवलं होतं आणि तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. १८३५ मध्ये तो गॅलापॅगोसला होता. लोकांना तिथले पक्षी आणि कासवं आठवतात, पण त्या प्रवासात डार्विनचं बरंचसं लक्ष खडकांवरच असायचं. जेम्स बेटावरच्या एका लाव्हाच्या थरात त्याला दिसलं की फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक खालच्या भागात खूप आहेत आणि वर कमी. त्याने अंदाज बांधला की लाव्हा अजून पातळ होता तेव्हाच हे स्फटिक तयार झाले आणि खाली बसले. आता हे नीट बघा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे. स्फटिक तयार होताना रसातली काही ठराविक द्रव्यंच उचलतो, सगळी सारख्या प्रमाणात नाही. म्हणजे तो खाली बसला की वर उरलेल्या रसाची रचना बदलली. एकाच रसातून खाली एक खडक आणि वर दुसरा! १८४४ मध्ये ज्वालामुखी बेटांवरच्या पुस्तकात त्याने हे लिहूनही ठेवलं. कल्पना बरोबर असेलही, पण सिद्ध करायची तर खडक वितळवून, थंड करून, मध्येच थांबवून बघायला हवा आणि तिथेच घोडं अडलेलं होतं.

खडक वितळवायचे प्रयोग तसे जुने. जेम्स हटनने अठराव्या शतकात ठामपणे सांगितलं की बेसॉल्टसारखे खडक वितळलेल्या रसातून झालेत (तेव्हा बरेच जण ते समुद्राच्या पाण्यातून साका बसून झाले असं मानायचे), पण गंमत अशी की प्रयोगांना विरोधही त्याचाच होता. एवढीशी आग पेटवून मुशीच्या तळाशी डोकावलं की पृथ्वीच्या पोटातलं कळलं, असं समजणाऱ्यांचा त्याला राग यायचा. त्याचा दोस्त जेम्स हॉल त्याच्या मानाखातर गप्प बसला. १७९७ मध्ये हटन वारला आणि १७९८ मध्ये हॉलने आपले निकाल मांडले: बेसॉल्टसारखा खडक वितळवून पटकन थंड केला तर काच बनते आणि सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकांचा खडक. मुशीत डोकावणारा बरोबर ठरला.

हाच धागा शंभराहून जास्त वर्षांनी नॉर्मन बोवेनने पकडला.

बोवेन १८८७ चा, कॅनडातल्या किंग्स्टनचा. एमआयटीतून १९१२ मध्ये डॉक्टरेट केली आणि वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीत कामाला लागला. ही लॅब १९०५ मध्ये मुद्दाम याचसाठी काढलेली, की खडकांवर फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांसारखे मोजूनमापून प्रयोग करायचे. तोपर्यंत जिऑलॉजिस्ट म्हणजे हातोडा, नकाशा आणि मायक्रोस्कोप. बोवेनने भट्टी घेतली.

त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. खरा खडक घ्यायचाच नाही, कारण खऱ्या खडकात दहा द्रव्यं असतात आणि कोण काय करतंय ते कळतच नाही. त्याऐवजी शुद्ध रसायनं मोजून घ्यायची, दोन किंवा तीन घटकांचंच मिश्रण करायचं, म्हणजे एक खोटा, सोपा केलेला बेसॉल्ट. त्याची चिमूटभर पूड प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यात गुंडाळायची, बारीक तारेने उभ्या भट्टीत टांगायची आणि समजा १४०० अंशाला तासन् तास तशीच ठेवायची, म्हणजे त्या तापमानाला जेवढे स्फटिक व्हायचे तेवढे होऊन जातात. मग तारेतून वीज सोडली की तार वितळते आणि पुडी धप्पकन खाली ठेवलेल्या पाऱ्यात पडते. इतकी पटकन थंड होते की जेवढा रस होता त्याची काच होते आणि जेवढे स्फटिक झाले होते ते त्या काचेत अडकून राहतात, म्हणजे त्या क्षणाचा फोटोच. काढायची, फोडायची, मायक्रोस्कोपखाली बघायचं की काच किती, स्फटिक कोणते. मग नवी पुडी, दहा-वीस अंश कमी. परत तेच. असं करत करत एकेका मिश्रणाचा पूर्ण नकाशा काढायचा की कुठल्या तापमानाला काय असतं. कंटाळवाणं काम आहे यात वाद नाही, पण त्याचे काही नकाशे आजही जवळजवळ तसेच्या तसे पाठ्यपुस्तकात छापतात.

१९१३ मध्ये त्याने प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचा नकाशा काढला. हे खनिज म्हणजे एक सलग मालिका आहे, एका टोकाला कॅल्शियमवालं आणि दुसऱ्या टोकाला सोडियमवालं. कॅल्शियमवालं टोक साधारण १५५० अंशाला वितळतं, सोडियमवालं ११०० च्या आसपास. आता दोन्ही निम्मं-निम्मं घेऊन वितळवलं आणि थंड करायला लागलो तर पहिले स्फटिक निम्मे-निम्मे येत नाहीत. साधारण १४५० अंशाला जे पहिले स्फटिक दिसतात त्यात कॅल्शियमवाला भाग ८० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे रसातून कॅल्शियम जास्त उपसलं जातं आणि मागे सोडियम साठत जातं. सावकाश थंड होत असेल आणि स्फटिक रसातच असतील तर ते रसाशी देवाणघेवाण करून स्वतःला बदलत राहतात आणि शेवटी हिशोब निम्म्या-निम्म्यावरच येतो. पण ते स्फटिक बाजूला झाले तर? तर ती देवाणघेवाण तुटते, उरलेला रस सोडियमकडे सरकत सरकत कुठच्या कुठे जातो.

सरबताची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली की आधी जो बर्फ धरतो तो जवळपास नुसत्या पाण्याचा असतो आणि मधे उरलेलं सरबत भयंकर गोड होतं, तसंच हे. बर्फ काढून टाका, उरलेलं परत गोठवा, अजून गोड. ही बाटली लक्षात ठेवा, पुढे उलट्या बाजूने लागणार आहे.

खडकात हे प्रत्यक्ष दिसतं का? दिसतं, आणि फार सुंदर दिसतं. लाव्हाच्या खडकाची पातळ चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची केली की उजेड आरपार जातो, मग दोन पोलरायझरच्या मधे ठेवून बघितलं की प्लॅजिओक्लेजच्या स्फटिकात एकात एक चौकटी दिसतात, करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांच्या. मधल्या भागात कॅल्शियम जास्त, कडेला सोडियम जास्त. स्फटिकाला स्वतःला बदलायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्याने जुन्यावरच नवा थर चढवला. एका मिलिमीटरच्या स्फटिकात शिलारसाचा सगळा इतिहास.

१९१५ मध्ये बोवेनने डार्विनवाली गोष्टही तपासून टाकली. छोट्या मुशीत कृत्रिम शिलारस घेतला, ऑलिव्हिन नावाच्या जड खनिजाचे स्फटिक तयार होतील अशा तापमानाला धरला आणि मग थंड करून उभा कापला. ऑलिव्हिन तळाशी गोळा झालेलं. पायरॉक्सिन नावाचं दुसरं खनिजही तसंच बुडतं. आणि ट्रिडिमाइट नावाचं सिलिकाचं खनिज हलकं, ते वर तरंगलेलं! एवढ्याशा मुशीत, तेही थोड्या वेळात. मग किलोमीटरभर जाडीच्या शिलारसाच्या कोठीत, जिला थंड व्हायला हजारो वर्षं लागतात, तिथे काय होत असेल याचा विचार करा.

अजून एक विचित्र गोष्ट त्याला सापडली, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या कामातली ही सगळ्यात हुशार जागा आहे. ऑलिव्हिन आधी तयार होतं, पण तापमान अजून उतरलं की तेच ऑलिव्हिन रसातल्या सिलिकाशी रिॲक्शन करून पायरॉक्सिन बनतं. म्हणजे आधी जन्मलेलं खनिज नंतर खाल्लं जातं. पण ते तळाशी जाऊन बसलं, किंवा त्याच्याभोवती पायरॉक्सिनचं कवच धरलं, तर रिॲक्शन होत नाही, ती सिलिका वापरलीच जात नाही आणि रसात शिल्लक राहते. शेवटी शेवटी ती क्वार्ट्झ, म्हणजे निव्वळ सिलिकाचं खनिज, म्हणून बाहेर पडते. म्हणजे सुरुवातीच्या बेसॉल्टच्या रसात क्वार्ट्झचं नावही नसताना शेवटच्या थेंबात क्वार्ट्झ! काळ्यातून पांढरा निघायचा रस्ता हाच.

१९२२ मध्ये त्याने हे सगळं एका ओळीत बसवलं. एका बाजूला ऑलिव्हिन, मग पायरॉक्सिन, मग हॉर्नब्लेंड, मग काळा अभ्रक. दुसऱ्या बाजूला प्लॅजिओक्लेज, कॅल्शियमपासून सोडियमपर्यंत. दोन्ही खाली येऊन मिळतात आणि मग पोटॅश फेल्डस्पार, पांढरा अभ्रक आणि शेवटी क्वार्ट्झ. जिऑलॉजी शिकलेल्या प्रत्येकाने ही वाय आकाराची आकृती पाठ केलेली असते. १९२७ मध्ये प्रिन्स्टनला व्याख्यानं दिली त्यांचं १९२८ मध्ये अग्निजन्य खडकांच्या उत्क्रांतीवरचं पुस्तक झालं आणि त्यात त्याने सरळ सांगितलं की मूळ रस एकच, बेसॉल्टचा, बाकी सगळे त्याचे वंशज.

आता एवढं छान जमलं म्हटल्यावर कोणीतरी भांडणार हे ठरलेलंच, आणि भांडणारा निघाला त्याच लॅबमधला. क्लॅरेन्स फेनर. त्याचं म्हणणं, बेसॉल्टचा रस थंड होताना उरलेल्या रसात सिलिका वाढते हे तुझं भट्टीतलं, खऱ्या बेसॉल्टमध्ये स्फटिकांच्या मधली काच बघ, तिच्यात लोखंड वाढलेलं असतं. त्याचा मुद्दा हवेतला नव्हता, कारण बोवेनच्या बऱ्याचशा खोट्या बेसॉल्टमध्ये लोखंड घातलेलंच नसायचं! लोखंड फार त्रासदायक, भट्टीतल्या हवेशी रिॲक्शन करतं, प्लॅटिनमच्या पत्र्यात मुरतं, म्हणून ते टाळलेलं. आणि १९३९ मध्ये वेजर आणि डीअर यांनी पूर्व ग्रीनलँडमधल्या स्केरगार्डचा अभ्यास छापला. हा एक शिलारसाचा प्रचंड साठा, जमिनीखालीच थंड झालेला, थरावर थर बसलेला, म्हणजे बोवेनच्या मुशीचीच किलोमीटरमधली आवृत्ती. स्फटिक वेगळे होतात हे तर तिथे उघड दिसलं, पण उरलेला रस बराच काळ लोखंडाकडेच सरकत गेला होता. फेनरच्या बाजूने.

मग खरं कोण? दोघंही, आणि फरक ऑक्सिजनचा. हे १९५० च्या दशकात केनेडी आणि ऑसबोर्न यांच्या कामातून उलगडलं. शिलारसात ऑक्सिजन सहज मिळत असेल तर मॅग्नेटाइट हे लोखंडाचं ऑक्साइड लवकर तयार होतं, ते लोखंड घेऊन जातं, त्यात सिलिका अजिबात नसते, त्यामुळे उरलेल्या रसात सिलिका भराभर वाढते. ऑक्सिजन कमी असेल तर मॅग्नेटाइट उशिरा येतं आणि तोपर्यंत लोखंड साठत राहतं.

याची सगळ्यात भारी साक्ष हवाईत मिळाली. १९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये किलाउएआ इकी इथे उद्रेक झाला, लाव्हाचं कारंजं ५८० मीटरपर्यंत उडालं आणि जुन्या खड्ड्यात शंभर मीटरपेक्षा जास्त खोल लाव्हाचं तळं साचलं. वर कवच धरल्यावर १९६० पासून लोकांनी त्या कवचावर चक्क ड्रिलिंग मशीन नेलं आणि १९८८ पर्यंत अधूनमधून भोकं पाडून नमुने काढत राहिले, खाली अजून वितळलेला लाव्हा असताना! बोवेन पुडी पाऱ्यात टाकायचा, यांनी ड्रिलवर पाणी सोडून तेच केलं. तळ्याच्या खालच्या भागात ऑलिव्हिन जास्त, वरच्या भागात कमी, हे दिसलंच. आणि हवाईतल्या अशा तळ्यांमधली काच क्रमाने बघितली तर आधी लोखंड आणि टायटॅनियम वाढत जातं, मग त्यांची ऑक्साइडं बाहेर पडायला लागली की लोखंड घसरतं आणि सिलिका झपाट्याने चढते, अगदी शेवटची काच रायोलाइटच्या जवळ पोचते. आधी फेनर, मग बोवेन, एकाच तळ्यात.

बरं, पण हा मूळ बेसॉल्ट कुठून आला?

इथे एक मोठा गैरसमज आधी काढून टाकायला हवा. कवचाखाली सगळीकडे लाव्हा उकळतोय आणि कवचाला भोक पडलं की तो वर येतो, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. तसं नाहीये. कवचाखालचं प्रावरण जवळजवळ २९०० किलोमीटर खोलपर्यंत घन खडक आहे. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्रावरणातून त्या आरामात जातात, एवढा पुरावा पुरे. गरम आहे, लाखो वर्षांच्या हिशोबात सरकतंही, पण घन. तो खडक म्हणजे पेरिडोटाइट, मुख्यतः ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन, हिरवागार. अंदाज नाही, हातात मिळतो: काही बेसॉल्टमध्ये याचे मुठीएवढे, कधी त्याहून मोठे हिरवे गोळे अडकून वर आलेले असतात, काळ्या खडकात हिरवे खडे. हे गोळे शिलारसापेक्षा जड, तरी तळाशी न बसता वर पोचले, यावरून तो रस किती वेगाने वर आला असेल याचाही हिशोब मांडता येतो.

आता ती सरबताची बाटली. पूर्ण गोठलेली बाटली बाहेर काढून तिरकी धरली की पहिले थेंब कसले येतात? गोड. पाणी अजून बर्फात आणि साखर आधी बाहेर. पेरिडोटाइटचंही तसंच, तो पूर्ण वितळत नाही, १०-२० टक्केच वितळतो, कधी त्याहून कमी, आणि जो रस गळतो त्यात सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम मूळ खडकापेक्षा जास्त. तो रस म्हणजे बेसॉल्ट. बोवेनने १९२८ मध्येच म्हटलं होतं की बेसॉल्ट पेरिडोटाइटच्या अर्धवट वितळण्यातून येत असणार, पण त्या खोलीचा दाब प्रयोगात आणायचं यंत्र तेव्हा नव्हतं. ते आल्यावर १९६२ मध्ये योडर आणि टिली यांनी वॉशिंग्टनच्या त्याच लॅबमध्ये आणि १९६७ मध्ये ग्रीन आणि रिंगवूड यांनी कॅनबेरात हे प्रयोग केले. त्यातून कळलं की बेसॉल्टसुद्धा एक नाही. खोलवर, थोडासाच वितळला तर अल्कलीवाला (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेला) बेसॉल्ट, कमी खोलीवर जास्त वितळला तर समुद्रतळाला मिळतो तसा साधा. म्हणजे बेसॉल्टच्या नुसत्या केमिस्ट्रीवरून तो किती खाली आणि किती वितळून झाला हे सांगता येतं.

पण घन खडक वितळतो कशाने? आपल्याला वाटतं आच वाढवली की. बहुतेक ठिकाणी तसं होतच नाही! समुद्राच्या मधल्या कण्यांजवळ, जिथे दोन प्लेट्स लांब जातात, तिथे खालचं प्रावरण वर सरकतं. एक किलोमीटर वर आलं की ते जेमतेम अर्ध्या अंशाने थंड होतं, पण दाब कमी झाल्यामुळे त्याचं वितळायचं तापमान तीन-चार अंशांनी खाली येतं. वर येत येत एका जागी हे दोन्ही आकडे भेटतात आणि खडक वितळायला लागतो, बाहेरून काडीची उष्णता न देता. सहा-सात किलोमीटर जाडीचं समुद्री कवच सगळं असंच बनतं.

दुसरी युक्ती पाण्याची. एक प्लेट दुसरीखाली घुसते तिथे खाली जाणारी प्लेट उलट थंड असते, तरी तिच्या वर ज्वालामुखींची रांगच्या रांग उभी असते, जपान, इंडोनेशिया, अँडीज. कारण खनिजांत बांधलेलं पाणी खोलवर सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि पेरिडोटाइटचं वितळायचं तापमान शेकडो अंशांनी पाडतं. असे शिलारस ओले, ऑक्सिजनवाले, म्हणून मॅग्नेटाइट लवकर आणि सिलिका भराभर. बोवेनचा रस्ता इथेच जास्त का दिसतो आणि फेनरचा दुसरीकडे, हे इथे येऊन जुळतं.

समुद्राचा गाळ खरंच एवढ्या खाली जाऊन लाव्हात परत येतो, हे कशावरून? बेरिलियम-१० वरून. हे अणू वातावरणात वर कॉस्मिक किरणांमुळे तयार होतात, पावसाबरोबर खाली येतात आणि समुद्रतळाच्या गाळात साठतात. त्यांचं अर्धायुष्य साधारण १४ लाख वर्षं, म्हणजे एक-दीड कोटी वर्षांत मोजण्यासारखं काही उरत नाही, प्रावरणात तर ते असूच शकत नाहीत. आणि १९८२ मध्ये कार्नेगीच्याच दुसऱ्या एका विभागातल्या टीमने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अणू अशा रांगेतल्या ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात शोधून दाखवले, तर घुसणाऱ्या प्लेटशी संबंध नसलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हात ते जवळपास नाहीत. आकाशात बनलेला अणू गाळातून खाली गेला, शंभरेक किलोमीटर खोलीवर लाव्हात मिसळला आणि परत वर आला, तेही एखाद्या कोटी वर्षांच्या आतल्या घड्याळात बसेल असा. पुराव्याचा इतका चोख नमुना क्वचितच बघायला मिळतो.

बोवेनचं सगळंच टिकलं का? नाही. मोठी अडचण हिशोबाची आहे. बेसॉल्टमधून स्फटिक काढत काढत रायोलाइटपर्यंत यायचं तर शेवटी उरतो साधारण दहावा भाग. मग जमिनीखाली थंड झालेला रायोलाइट म्हणजे ग्रॅनाइट, तो जिथे डोंगरच्या डोंगर आहे तिथे त्याच्या नऊपट काळा गाळ कुठे गेला? बोवेन स्वतः पुढे टटल नावाच्या सहकाऱ्याबरोबर पाण्याच्या दाबाखाली ग्रॅनाइट वितळवत होता. १९५६ मध्ये तो वारला आणि १९५८ मध्ये ते काम छापलं गेलं. त्यात दिसलं की पाणी असेल तर ग्रॅनाइट ६५०-७०० अंशालाच वितळतो, म्हणजे खंडांच्या कवचात जरा खोल गेलं की तेवढं तापमान मिळतंच. त्यामुळे पांढरा रस दोन्हीकडून येऊ शकतो, काळ्यातून उरलेला किंवा कवचच वितळून झालेला, आणि बऱ्याच ज्वालामुखींत दोन्हींची भेसळ असते, जी आता आयसोटोपच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून बऱ्यापैकी वेगळी करता येते. आणि १९७० च्या दशकात लोकांनी अँडेसाइटमधल्या (बेसॉल्ट आणि रायोलाइटच्या मधला करडा खडक) प्लॅजिओक्लेजच्या चौकटी नीट मोजल्या तेव्हा सोडियम सरळ वाढत जात नाही, मध्येच उलटं कॅल्शियम वाढतं असं दिसलं, म्हणजे थंड होणाऱ्या रसात खालून नवा गरम रस येऊन मिसळलेला. बुन्सेनचं मिश्रण मागच्या दाराने परत आलं!

आजचा वाद तर त्या कोठीवरच आहे. बोवेनच्या डोक्यात शिलारसाची मोठी टाकी होती, स्फटिक निवांत खाली बसतायत अशी. पण यलोस्टोनसारख्या मोठ्या ज्वालामुखींच्या खाली भूकंपाच्या लहरींनी बघितलं तर बराचसा भाग घनच निघतो, स्फटिकांचा लगदा आणि त्यांच्या फटींत थोडासा रस. मग स्फटिक रसातून खाली बसण्यापेक्षा लगद्यातून रस पिळून वर येतो असं आता जास्त मानतात. आणि साधारण निम्म्याच्या वर स्फटिक असतील तर तो लगदा हलतच नाही, मग उद्रेक होतो कसा, किती आधी तो सैल होतो? त्यासाठी परत त्याच स्फटिकांच्या चौकटी कामाला येतात. शेजारशेजारच्या दोन थरांमधली रेघ गरम असेपर्यंत अणू इकडून तिकडे सरकून पुसट होत जाते. किती पुसट झालीय ते मोजलं की शेवटचा गरम रस आल्यापासून उद्रेकापर्यंत किती काळ गेला ते निघतं, आणि कितीतरी ज्वालामुखींत ते उत्तर हजारो वर्षांचं न येता काही दशकं किंवा अगदी काही महिने असं येतं.